आधी कुणाचे पैसे द्यायचे?

2023 च्या सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी माझ्या खात्यात 18,400 रुपये होते आणि मी जुन्या वहीच्या मागच्या पानावर देण्यांची यादी करत बसले होते. तीन महिने पगार झाला नव्हता. कंपनीतले लोक 'फंडिंग येतंय, पेपरवर्क चालू आहे' असं सांगत होते आणि आम्ही ते ऐकून कामाला बसत होतो.

यादी फार मोठी नव्हती. धायरीतल्या वन बीएचकेचं दोन महिन्यांचं भाडं, 22,000. तीन महिन्यांचं वीजबिल, 4,870. क्रेडिट कार्ड, 86,000. एका मित्राकडून घेतलेले 25,000. एका लोन ॲपचे 12,000. खालच्या वाण्याची उधारी 2,300. आणि स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा महिन्याचा पगार, 1,800. बेरीज 1,53,970. म्हणजे दर शंभर रुपयांच्या देण्यामागे माझ्याकडे बारा रुपये होते.

पैसे कसे कमवायचे हा प्रश्न त्या संध्याकाळी निरुपयोगी होता. पुढचे पंधरा दिवस तरी एक रुपयाही येणार नव्हता. उरलेला प्रश्न एवढाच होता की यातले आधी कुणाला द्यायचे. तेव्हा तो मला हिशोबाचा वाटला. आता वाटतं की मी आयुष्यात आजवर सोडवायला घेतलेला तो सगळ्यात अवघड नैतिक प्रश्न होता, आणि मी तो अगदी वाईट रीतीने सोडवला.

तर मी काय केलं ते सांगते. सगळ्यात आधी लोन ॲपचे 12,000 भरले. कारण ते ओरडत होते. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी रात्री साडेदहाला 'तुमच्या कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना कळवू' म्हणणाऱ्या माणसाला मी रिझर्व्ह बँक ऐकवली असती का, शंकाच आहे. मग वाण्याचे 2,300 दिले, कारण त्याच्या दुकानावरून रोज जावं लागतं आणि मान खाली घालून जायचा कंटाळा आला होता. उरले 4,100. ते खाण्यापिण्याला आणि इंटरव्ह्यूच्या बसभाड्याला ठेवले.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा मी म्हटलं, "मावशी, या महिन्याचं जरा थांबाल का? पुढच्या आठवड्यात नक्की देते." त्या म्हणाल्या, "असू द्या ताई," आणि कणीक मळायला घेतली. 'पुढच्या आठवड्यात नक्की' हे आमच्या एचआरचं वाक्य होतं, जसंच्या तसं. आमच्या मालकाने पगार थकवून ऑफिसचं भाडं आणि एसीचं बिल मात्र वेळेवर भरलं, म्हणून मी ग्रुपवर त्याला काय काय बोलले होते ते मला आठवलं. त्याने ओरडणाऱ्यांना आधी दिलं होतं. मीही तेच केलं होतं.

---

देणी चुकवण्याबद्दल तत्त्वज्ञांनी बरंच लिहिलंय, पण बहुतेकांनी असं धरून चाललंय की चुकवायला पैसे आहेत. प्लेटोच्या 'रिपब्लिक'ची सुरुवातच या विषयाने होते. केफालस नावाचा म्हातारा, श्रीमंत गृहस्थ सांगतो की पैसा असण्याचा खरा फायदा म्हणजे मरताना देवाचं किंवा माणसाचं काही देणं राहिलंय ही भीती राहत नाही. त्यावरून न्याय म्हणजे खरं बोलणं आणि घेतलेलं परत करणं, अशी एक व्याख्या निघते. सॉक्रेटिस ती मोडतो. मित्राने शहाणा असताना ठेवायला दिलेलं हत्यार तो वेडा झाल्यावर मागायला आला तर परत करायचं का, असं विचारतो. उत्तम प्रश्न आहे. पण सात जणांचं घेतलंय आणि एकालाच पुरेल एवढं उरलंय, तर काय, हे त्या खोलीत कुणी विचारत नाही. केफालसची ढालींची भरभराटीची पेढी होती, त्याला ते सुचायचं कारण नव्हतं.

हा प्रश्न खरोखर विचारला तो दिवाळखोरीच्या कायद्याने. त्याचं मूळ उत्तर ऐकायला फार न्याय्य वाटतं: एकाच पायरीवरच्या सगळ्या घेणेकऱ्यांना सारख्या प्रमाणात द्या. रुपयात बारा पैसे, तर सगळ्यांना बारा पैसे. कोण ओरडतं, कोण ओळखीचा, कोण बलवान, याला किंमत नाही.

मी नंतर कधीतरी या रीतीने माझी यादी मांडून पाहिली. क्रेडिट कार्डाच्या बँकेला सव्वादहा हजार. मित्राला तीन हजारांच्या जरा खाली. वीज कंपनीला 582 रुपये. मावशींना 215.

215 रुपये! समानतेचं एवढं ओंगळ रूप मी पाहिलं नव्हतं. ज्याचं सगळ्यात मोठं देणं त्याला सगळ्यात मोठा वाटा, आणि मोठं देणं त्याचंच असतं ज्याला मोठी रक्कम देणं परवडलेलं असतं. अर्थात कायदा इतका आंधळा नाही. 1909 आणि 1920 सालच्या जुन्या कायद्यांतही आणि 2016 च्या नव्या संहितेतही कामगार-नोकरांच्या पगाराला सामान्य देण्यांच्या पुढे जागा आहे. म्हणजे मावशींचे 1,800 आधी, बाकीची वाटणी नंतर. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांच्या कायद्याला कळलेलं मला त्या संध्याकाळी कळलं नाही, कारण मावशी ओरडल्या नव्हत्या.

(कायद्याने मी दिवाळखोर झाले नाही, हेही सांगून टाकते. आपल्यासारख्यांना ते सोपंही नाही. 2016 च्या संहितेत सामान्य माणसांच्या दिवाळखोरीवर एक अख्खा भाग आहे, पण 2019 च्या डिसेंबरपासून तो लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. त्यातच गरिबांसाठी देणी माफ होऊन 'नवी सुरुवात' करायची एक सोय लिहून ठेवली आहे. अटी अशा: वर्षाचं उत्पन्न 60 हजारांच्या वर नको, मालमत्ता 20 हजारांच्या वर नको, देणी 35 हजारांच्या वर नकोत आणि स्वतःचं घर नको. यातली शेवटची अट मी झोकात पूर्ण करत होते.)

---

मित्राचे पंचवीस हजार हे वेगळंच प्रकरण. दिवाळखोरीचा कायदा म्हणतो की बुडण्याच्या तोंडावर असताना तुम्ही एखाद्या घेणेकऱ्याला, विशेषतः जवळच्या माणसाला, मागच्या दाराने आधी पैसे दिलेत तर तो बाकीच्यांवर अन्याय आहे. तो व्यवहार रद्दही होऊ शकतो. म्हणजे मित्राचे आधी फेडणं हा गुन्हा नसला तरी लबाडी. आणि आपल्याला घरात शिकवलेलं नेमकं उलट: आधी माणसाचे दे, बँकेचं पुढे बघू.

मी यावर बरीच डोकेफोड केली आहे. माझं मत मित्राच्या बाजूने आहे, पण मैत्री पवित्र असते वगैरे कारणाने नाही. क्रेडिट कार्डावर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. वर्षाला चाळीसच्या पुढे. हे व्याज एवढं का? कारण माझ्यासारखे काही जण बुडणार हे बँकेने आधीच धरलेलं आहे. माझ्या बुडण्याची किंमत तिने माझ्याकडून आणि इतरांकडून आगाऊ वसूल केली आहे. मित्राने एक पैसा व्याज लावलं नाही. त्याने जोखीम तेवढीच घेतली, मोबदला शून्य. दोघांना 'समान घेणेकरी' म्हणणं म्हणजे तिकीट काढून जत्रेच्या पाळण्यात बसलेल्याला आणि पोराला वाचवायला विहिरीत उडी मारलेल्याला सारखंच धाडसी म्हणण्यासारखं आहे.

पण हा युक्तिवाद मला सोयीचा आहे, हेही दिसतं. बँक बुडवणारा प्रत्येक जण मनात हेच म्हणतो. आणि 'बँकेने धरलेलंच आहे' याचा अर्थ, जो माणूस ओढाताण करून दर महिन्याला कार्ड भरतो तो माझ्या वाटणीचंही थोडं भरतोय. त्याचा चेहरा दिसत नाही एवढंच.

आणि खरं सांगायचं तर मी मित्रालाही दिले नाहीत. त्याने मागितले नव्हते ना.

---

आता वीजबिल. माझ्या यादीतली ही सगळ्यात लहान रकमांपैकी एक. तिने मला सगळ्यात जास्त छळलं.

भाडेकरूचं वीजबिल ही चमत्कारिक वस्तू आहे. वीज मी वापरते, बिल माझ्या दारात येतं, पण त्यावर नाव माझं नसतं. माझ्या बिलावर घरमालकीण काकूंच्या यजमानांचं नाव होतं. ते एसटीत कंडक्टर होते आणि वारून सहा वर्षं झाली होती. आपल्याकडे कितीतरी घरांत मीटर असा मेलेल्या माणसाच्या नावावर चालू असतो. नाव बदलायला कुणी जात नाही. त्यामुळे मी एका न पाहिलेल्या, हयात नसलेल्या माणसाच्या नावावर पंखा लावत होते, फोन चार्ज करत होते, आणि त्याच्या नावावर थकबाकी चढवत होते.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरूसुद्धा नसतो, नुसता परवानाधारक. अकरा महिन्यांनी तो निघून जातो. थकबाकी मात्र जात नाही, ती त्या जागेला चिकटते. जुन्या थकबाकीसाठी नव्या माणसाची नवी जोडणी अडवता येते का, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले, आणि नियमांत तरतूद असेल तर तशी मागणी करता येते, असं न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं. म्हणजे मी वीजबिल बुडवलं तर ते वीज कंपनीचं बुडत नाही. ते काकूंवर किंवा माझ्यानंतर येणाऱ्या मुलीवर जातं. डिपॉझिट आहे ना, त्यातून कापतील, असं मी स्वतःला सांगायचे. पण डिपॉझिट 30,000 होतं आणि त्यातून भाडं, रंगकाम, वीज असं सगळं मी मनातल्या मनात तीन-तीनदा कापून झालं होतं. एकच नोट सात जणांना दाखवण्यासारखं.

दुसरी गोष्ट म्हणजे हे देणं एकदा घेऊन संपत नाही. मित्राकडून मी पैसे एकदाच घेतले, त्या दिवशी परत करायचा माझा पक्का इरादा होता. वीज मी रोज घेत होते. कान्टने खोट्या वचनाचं एक उदाहरण दिलंय: पैशांची नड असलेला माणूस, परत करता येणार नाही हे माहीत असूनही, परत करीन असं सांगून कर्ज घेतो. कान्टच्या मते हे कुठल्याही परिस्थितीत चूकच; सगळेच असं करू लागले तर वचन या गोष्टीलाच अर्थ उरणार नाही. मग तिसऱ्या महिन्याचं बिल थकलेलं असताना मी बटण दाबते, तेव्हा ते काय असतं? दर बटणामागे एक छोटंसं 'भरीन' असतं. ते वचन खरं की खोटं?

मी म्हणायचे, मला भरायचं आहे, नोकरी लागली की भरीन, म्हणजे मी खोटं बोलत नाही. आशा म्हणजे खोटेपणा नव्हे. बरोबर आहे. पण आशेलाही एक्सपायरी डेट असते आणि ती पाकिटावर छापलेली नसते. जूनमध्ये 'भरीन' म्हणताना मला खरंच तसं वाटत होतं. ऑगस्टमध्ये मी ते म्हणत होते कारण जूनमध्ये म्हटलं होतं. या दोन्हींच्या मध्ये कधीतरी एक दिवस असा गेला असणार की त्या दिवशी आशा संपून सवय सुरू झाली. तो मला कळला नाही. तो कळून घेणं हे माझं काम होतं, असं आता वाटतं.

मग काय, अंधारात बसायचं होतं? नाही. इथे कान्ट मला फार मदत करत नाही. रात्री पंखा लावणं, फोन चार्ज करून इंटरव्ह्यू देणं आणि गिझर वीस मिनिटं चालू ठेवणं हे तिन्ही एकाच मीटरवर फिरतं, पण एकच कृत्य नाही. मी नंतर एक साधी चाचणी केली: यातलं कुठलं मी काकूंच्या समोर करू शकले असते? पंखा लावला असता. गिझर नाही. चाचणी ढोबळ आहे, मान्य. पण त्या महिन्यांत मी एवढीसुद्धा लावली नाही.

स्थिर आकार मात्र काहीही न लावता चढतच राहतो. मी एक आठवडा गावी जाऊन आले आणि बिल फारसं कमी झालं नाही, तेव्हा पहिल्यांदा ते नीट वाचलं: स्थिर आकार, वहन आकार, त्यावर वीज शुल्क, उशीर झाला म्हणून विलंब आकार. नुसतं जोडलेलं असण्याचेही पैसे असतात.

---

कायद्याप्रमाणे वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 2003 च्या वीज कायद्यातलं हे 56 वं कलम भाडेकरूने तरी पाठ करून ठेवावं. कारण त्या काळात मला एक मेसेज आला होता: आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा. हा फसवणुकीचा मेसेज लाखो लोकांना गेला, वर्तमानपत्रांत आलं होतं. बिल भरलेल्या माणसाने तो हसून पुसून टाकला असेल. मी नंबर लावला. सुदैवाने बिझी लागला. ज्याची वीज खरंच थकली आहे त्यालाच तो मेसेज खरा वाटतो. चोरांनाही गरिबाचं दार बरोबर ठाऊक असतं.

मला राग आला तो दुसऱ्याच एका गोष्टीचा, आणि तीही खूप नंतर कळली. कंपनी दिवाळखोरीत गेली की तिच्यावरच्या वसुल्या काही काळ थांबवल्या जातात. त्या काळात तिच्या अत्यावश्यक सेवा, म्हणजे वीज, पाणी, टेलिफोन, जुन्या थकबाकीसाठी तोडता येत नाहीत. जुनी थकबाकी रांगेत उभी राहते. त्या काळातली नवी वीज प्रक्रियेचा खर्च म्हणून आधी भागवली जाते. विचार सरळ आहे: दिवे गेले तर कंपनी सावरणार कशी आणि कुणाचेच पैसे फिटणार कसे? अमेरिकेत हीच सवलत माणसालाही आहे. दिवाळखोरीचा अर्ज केला की जुन्या बिलासाठी वीज तोडता येत नाही. पुढच्या वापरापुरतं डिपॉझिट मात्र वीस दिवसांत भरावं लागतं.

म्हणजे माझी कंपनी रीतसर बुडाली असती तर तिच्या रिकाम्या ऑफिसातले दिवे राहिले असते. तिने न दिलेल्या पगारामुळे बुडालेल्या मला मात्र पंधरा दिवस. माणूस सावरायलाही दिवा लागतो, हे कुणाला सुचलं नसेल असं नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कर्जासाठी काय जप्त करू नये याची यादी आहे: अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, बाईच्या अंगावरचे धर्मरूढीप्रमाणे उतरवता न येणारे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. ती यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक घर होतं. कितीही देणं असलं तरी या घरात रात्री पाठ टेकता आली पाहिजे आणि सकाळी चूल पेटली पाहिजे, एवढं त्याला दिसलं. आज ती यादी केली तर त्यात एक पंखा, एक ट्यूब आणि फोनचा चार्जर येईल. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, वीज ही मूलभूत सोय आहे, असं सांगितलं. पण ते मालक नाही म्हणाला तर. पैसे नसले तर काय, हा प्रश्न तिथे नव्हताच.

या कंपनीवाल्या नियमातून एक गोष्ट मात्र मी उचलली असती तर वाचले असते. जुनं आणि नवं वेगळं करणं. माझ्या डोक्यात 4,870 हा एकच ढिगारा होता. सगळा उपसता येत नाही म्हणून मी एक पाटीही उचलत नव्हते. चालू महिन्याची वीज वापरली तेवढी भरायची आणि मागचं हप्त्याने, हे वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन मागता येतं. मी गेले नाही. आणि का नाही गेले याचं उत्तर पैशात नाही. तिथे बिल दाखवलं की विचारतील, हे तुमचं नाव का? मग सांगावं लागेल की नाही, मी भाड्याने राहते. भाड्याने राहते आणि बिल थकवलंय, हे दोन्ही एका वाक्यात म्हणायची लाज.

प्रीपेड मीटर आले तर ही लाजच उरणार नाही, असं एकदा कुणीतरी मला म्हणालं. फोनसारखं: पैसे टाका, वापरा, संपले की बंद. देणंच तयार होत नाही. महाराष्ट्रात त्या मीटरना विरोध झाला आणि सामान्य ग्राहकांना ते लावणार नाही असं 2024 मध्ये सरकारने जाहीर केलं. मी विरोधाच्या बाजूची आहे, आणि थकबाकीचा अनुभव घेऊन आहे. उधारीत तगादा असतो, पण तगाद्याला निदान पंधरा दिवस असतात. त्यात कुणीतरी कुणाला काहीतरी विचारू शकतं, काकू फोन करू शकतात, आपण हप्ता मागू शकतो. प्रीपेडमध्ये पैसे संपले की पंखा थांबतो आणि जगात कुणालाही त्याची खबर नसते. तिथे कुणी वीज तोडलेली नसते. आपणच टॉप-अप केलेला नसतो.

'दिवाळं' हा शब्द दिव्यावरून आला असं सांगतात. पूर्वी व्यापाऱ्याचं दिवाळं निघालं की तो भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं. मला ही व्युत्पत्ती खरी असावी असं फार वाटतं. दिवसा जळणारा दिवा सगळ्यांना एकदम सांगतो. वाण्याला वेगळं, मित्राला वेगळं, मावशींना वेगळं असं सांगत बसत नाही. माझा सगळा उद्योग याच्या उलट चालला होता. प्रत्येकाला वाटत होतं की फक्त त्याचेच राहिलेत.

तुकारामांचं दुष्काळात दिवाळं निघालं होतं हे आपण विसरतो आणि त्यांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली एवढंच लक्षात ठेवतो. परंपरा त्यात आणखी एक बारीक गोष्ट सांगते: बुडवण्याआधी त्यांनी खतांचे दोन वाटे केले, धाकट्या भावाचा त्याला दिला आणि फक्त स्वतःचा नदीत टाकला. लहानपणी मला वाटायचं, भावाचेही टाकायला हवे होते. आता वाटतं, त्या गोष्टीतलं सगळ्यात अवघड काम ते वाटे करणं असणार. स्वतःचं येणं माणूस सोडू शकतो. दुसऱ्याच्या हक्काचं परस्पर सोडून उदार होता येत नाही. मी मावशींचे 1,800 त्यांना न विचारता इंद्रायणीत ठेवले होते.

---

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी कोथरूडला काकूंच्या लेकीकडे गेले, काकू तिथेच राहतात. भाडं दोन महिन्यांचं थकलंय हे त्यांना माहीत होतंच. मी म्हटलं, "काकू, वीजबिलही भरलेलं नाही. तीन महिन्यांचं." भाड्याचं ऐकताना त्या शांत होत्या. यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला.

"अगं, सांगायचं नाहीस का आधी? यांच्या नावाचं बिल कधी थकलं नव्हतं गं."

तोवर मी या बिलाबद्दल जेवढे विचार केले होते त्यात वीज कंपनी होती, कायदा होता, काकूंचे पैसे होते. ते नाव नव्हतं. ज्या माणसाने तीस वर्षं तिकिटांचा आणि सुट्या पैशांचा हिशोब रोज रात्री डेपोत जमा केला, त्याच्या नावापुढे मी 'मागील थकबाकी' छापून आणली होती.

मी चहा प्यायले, काकूंनी लेकीकडून तिथल्या तिथे फोनवर ते बिल भरून टाकलं, आणि भाड्याचं "डिपॉझिटमधून बघू" म्हणाल्या. मी नोव्हेंबरात घर सोडलं. निघताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढून त्यांना पाठवला. डिपॉझिट सगळं गेलं, थोडं देणं उरलं, ते मार्चपर्यंत फेडलं. मावशींना नोव्हेंबरातच दिले, दोन महिन्यांचे मिळून 3,600. त्यांनी न मोजता पदराला बांधले. मला मोजायला हवे होते त्यांनी. कार्डाचं सेटलमेंट झालं आणि त्याची खूण अजून माझ्या क्रेडिट स्कोअरवर आहे.

त्या घराचा ग्राहक क्रमांक माझ्या फोनमधल्या पेमेंट ॲपमध्ये तसाच राहिला होता. डिसेंबरात नोटिफिकेशन आलं: बिल तयार आहे, 640 रुपये. त्यात माझे नोव्हेंबरातले सतरा-अठरा दिवस होते, बाकीचे बंद घराचे. काकूंनी मागितले नव्हते, बहुधा मागणारही नव्हत्या. स्क्रीनवर त्यांच्या यजमानांचं नाव होतं, मधली काही अक्षरं फुल्यांनी झाकलेलं. मी ते भरलं.

मित्राच्या पंचवीस हजारांपैकी नऊ दिलेत. तो अजूनही मागत नाही.